घडलेला आवाज आणि 'सापडलेला' आवाज : फँटेझिया बॅरिनो, जेनिफर हडसन आणि 'अमेरिकन आयडॉल'

प्रस्तावना

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धा तुम्ही लहानपणापासून पाहत आला आहात. या स्पर्धांची एक ठरलेली गोष्ट असते. कुणाला ठाऊक नसलेली एखादी मुलगी मंचावर येते, दोन ओळी गाते, परीक्षक एकमेकांकडे पाहतात आणि काही आठवड्यांत देशाला एक नवा आवाज 'सापडतो'. या पाठात आपण हा 'सापडणे' शब्दच तपासणार आहोत. आवाज सापडतो म्हणजे नेमके काय होते? सापडण्यापूर्वी तो कुठे होता, आणि त्याला घडवले कोणी?

त्यासाठी आपण 2004 सालचे 'अमेरिकन आयडॉल'चे तिसरे पर्व घेऊ. या पर्वात सोल गायकीच्या दोन गायिका होत्या : फँटेझिया बॅरिनो आणि जेनिफर हडसन. दोघींची सांगीतिक पार्श्वभूमी जवळपास सारखी होती. निकाल मात्र टोकाचे लागले. एक विजेती ठरली, दुसरी सातव्या क्रमांकावर बाद झाली. अभ्यासाच्या दृष्टीने ही जोडी उपयोगी आहे, कारण स्पर्धा काय मोजू शकते आणि काय मोजू शकत नाही हे तिच्यातून स्पष्ट दिसते.

1. सोल गायकीचे घर

सोल ही गायकी अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात 1950 च्या दशकात आकाराला आली. तिचे मूळ चर्चमधल्या गॉस्पेल गायनात आहे. शिकागोमध्ये थॉमस डॉर्सी यांनी 1930 च्या दशकात ब्लूजची लय आणि स्वरांची वळणे भक्तिगीतांत आणली आणि गॉस्पेलला आधुनिक रूप दिले. पुढच्या पिढीने उलटा प्रवास केला. गॉस्पेलची धाटणी तशीच ठेवून त्यांनी लौकिक प्रेमाची गाणी गायली. रे चार्ल्स यांचे 1954 चे 'आय गॉट अ वूमन' हे गाणे एका गॉस्पेल गीताच्या चालीवरून घडले होते. सॅम कुक 1957 मध्ये 'सोल स्टिरर्स' हा गॉस्पेल गट सोडून लौकिक संगीतात आले.

या गायकीची दोन वैशिष्ट्ये पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवा.

पहिले वैशिष्ट्य साद-प्रतिसादाचे. चर्चमध्ये गायिका एक ओळ टाकते, वृंद ती उचलतो आणि बाकांवर बसलेली माणसे टाळ्यांनी, हुंकारांनी तिला उत्तर देतात. मराठी कीर्तन ऐकलेल्यांना हे सहज समजेल. बुवांनी ओळ सोडावी आणि टाळकऱ्यांनी ती उचलून परत द्यावी, तसाच हा व्यवहार. दोन परंपरा वेगळ्या आहेत, पण ऐकणारा हाही गाणाऱ्यांपैकीच एक असतो हे दोन्हींत समान आहे. गाणे किती लांबवायचे, कुठे चढवायचे, कुठे थांबायचे हे गायिका समोरच्या माणसांकडून ऐकून ठरवते.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे चढण. या गायकीत वरचा, ताणलेला, जवळजवळ ओरडलेला स्वर ऐकू येतो, एका अक्षरावर अनेक स्वरांची लड येते. हे अलंकार सुरुवातीलाच येत नाहीत. गायिका खालून, बोलण्याच्या पट्टीतून सुरू करते, शब्द पुन्हा पुन्हा घेते, आणि श्रोते सोबत आल्यावरच वर जाते. वरच्या स्वराचा परिणाम त्याच्या आधीच्या वाटेवर अवलंबून असतो.

अरिथा फ्रँकलिन यांचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. त्यांचे वडील सी. एल. फ्रँकलिन डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चमध्ये धर्मोपदेशक होते, आणि अरिथा तिथेच गायला शिकल्या. 1960 च्या सुमारास कोलंबिया या मोठ्या कंपनीने त्यांना करारबद्ध केले. पण तिथल्या काही वर्षांत त्यांना जॅझ आणि जुन्या लोकप्रिय गाण्यांच्या साच्यात बसवण्याचा प्रयत्न झाला आणि फारसे मोठे यश मिळाले नाही. 1967 मध्ये अटलांटिक कंपनीत त्या स्वतः पियानोवर बसल्या, चर्चची धाटणी पुन्हा पुढे आली आणि 'रिस्पेक्ट' हे गाणे देशभर गाजले. कोलंबियाला आवाज सापडला होता, पण तो कशाने बनला आहे हे कळले नव्हते. टीव्हीच्या स्पर्धेबद्दल विचार करताना हा फरक हाताशी ठेवा.

2. दोन मुली, दोन गावे

फँटेझिया बॅरिनोचा जन्म 1984 साली नॉर्थ कॅरोलायना राज्यातील हाय पॉइंट या गावी झाला. तिची आजी आणि आई दोघी चर्चमध्ये धर्मोपदेश करीत. कुटुंबाचाच गॉस्पेल गायनाचा गट होता आणि फँटेझिया अगदी लहान वयात त्यात गाऊ लागली. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी ती स्पर्धेत आली तेव्हा लोकांसमोर गाण्याचा तिचा अनुभव दहा वर्षांहून अधिक होता. शाळा मात्र अर्ध्यावर सुटली होती आणि किशोरवयातच ती एका मुलीची आई झाली होती.

जेनिफर हडसनचा जन्म 1981 साली शिकागोत झाला. डॉर्सींचे, महेलिया जॅक्सन यांचे, सॅम कुक यांच्या बालपणाचे हेच शहर. आजीच्या प्रोत्साहनाने ती सातव्या वर्षापासून चर्चच्या वृंदात गाऊ लागली, पुढे स्थानिक नाटकांतही काम करू लागली. स्पर्धेपूर्वी तिने डिस्नेच्या प्रवासी जहाजावर संगीतिकेत नोकरी केली होती. रोज त्याच वेळी, दमलेले असो वा नसो, अनोळखी प्रेक्षकांसमोर गाणे हा तिथला शिरस्ता. निवड चाचणीत तिने गायले ते अरिथा फ्रँकलिन यांच्या आवाजात गाजलेले गाणे.

आता 'सापडणे' या शब्दाकडे पुन्हा पाहा. या दोघी कोणाला सापडायच्या राहिल्या होत्या? हाय पॉइंटच्या चर्चमधल्या माणसांना फँटेझिया ठाऊक होती. शिकागोच्या वृंदाला जेनिफर ठाऊक होती. त्यांचे गुरू, त्यांचे पहिले टीकाकार, त्यांना दाद देणारे आणि चुकल्यावर थांबवणारे लोक सगळे तिथे होते. ही शाळा विनाशुल्क होती, तिला इमारत आणि प्रमाणपत्र नव्हते, म्हणून कार्यक्रमाच्या कथेत तिची नोंद 'लहानपणापासून चर्चमध्ये गाते' या एका वाक्यात उरकली जाते.

3. स्पर्धेची रचना काय मागते

'आयडॉल'चा साचा ब्रिटनमध्ये 2001 साली 'पॉप आयडॉल' या नावाने सुरू झाला. 2002 मध्ये तो अमेरिकेत गेला आणि 2004 च्या अखेरीस 'इंडियन आयडॉल'च्या रूपाने भारतात आला. साचा सगळीकडे साधारण सारखाच राहतो, म्हणून पुढचे मुद्दे तुम्हाला ओळखीचे वाटतील.

पहिला मुद्दा वेळेचा. स्पर्धकाला दीड ते दोन मिनिटे मिळतात. गाणे कापले जाते आणि कापताना वाचतो तो वरचा, चढलेला भाग. सोल गायिकेची चढण इथे निघून जाते, फक्त शिखर उरते. प्रेक्षकांना वाटते की मोठा स्वर म्हणजेच सोल. असे अनेक आठवडे ऐकल्यावर मोठ्या स्वराचाही कंटाळा येतो आणि गायिकेवर 'फार ओरडते' असा ठपका बसतो. मागणी साच्याची असते, दोष मात्र गायिकेच्या पदरी पडतो.

दुसरा मुद्दा गाण्यांच्या निवडीचा. दर आठवड्याला एक विषय ठरलेला असतो : एखादा संगीतकार, एखादा काळ, चित्रपटांतील गाणी. वेगवेगळ्या शैलीचे गायक एकाच मापाने मोजता यावेत हा त्यामागचा हेतू. पण ज्या संगीतकाराचा आठवडा, त्याच्या शैलीजवळचा गायक आपोआप पुढे राहतो.

तिसरा मुद्दा मतदानाचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. प्रेक्षक 'कोणी राहावे' यासाठी मत देतात, 'कोणी जावे' यासाठी नाही. शिवाय त्या काळच्या नियमांनुसार एक माणूस कितीही वेळा फोन करू शकत असे. याचे दोन परिणाम होतात. सारख्या शैलीचे तीन चांगले गायक असतील तर त्यांच्या चाहत्यांची मते तिघांत विभागली जातात. आणि ज्याचे गाणे उत्तम झाले त्याचे चाहते 'हा तर सुरक्षितच आहे' असे समजून फोन करत नाहीत. म्हणजे मतांचा आकडा गाण्याचे मोल सांगत नाही. त्या रात्री किती लोकांना काळजी वाटली, एवढेच तो सांगतो.

4. 21 एप्रिल 2004

वरील मुद्दे केवळ तर्काचे नाहीत. तिसऱ्या पर्वात फँटेझिया बॅरिनो, जेनिफर हडसन आणि ला टोया लंडन या तीन कृष्णवर्णीय गायिकांची सातत्याने प्रशंसा होत होती. हडसन मुळात प्रेक्षकांच्या मतांनी अंतिम बारांत आली नव्हती. वाइल्ड कार्ड फेरीने तिला पुन्हा संधी दिली होती. सात स्पर्धक उरले त्या आठवड्यात बॅरी मॅनिलो यांची गाणी गायची होती. निकालाच्या रात्री सर्वांत कमी मतांच्या तीन जणींत नेमक्या याच तिघी उभ्या राहिल्या, आणि हडसन बाद झाली.

यावर मोठा वाद झाला. गायक एल्टन जॉन यांनी हे मतदान वर्णद्वेषी असल्याचे जाहीरपणे म्हटले. इतरांनी मतविभागणीकडे बोट दाखवले. गाणी झाली त्या संध्याकाळी इलिनॉय राज्यात चक्रीवादळे आली होती, त्यामुळे हडसनच्या घरच्या भागातून फोन कमी गेले असावेत, अशीही चर्चा झाली.

विद्यार्थ्यांनी इथे घाई करू नये. यांपैकी एकच कारण खरे मानण्याची गरज नाही. फँटेझियाच पुढे विजेती ठरली, म्हणून 'वर्णाचा प्रश्नच नव्हता' असे म्हणता येत नाही. आणि तिघी एकाच रात्री तळाला गेल्या, म्हणून प्रत्येक फोन द्वेषातून झाला असेही म्हणता येत नाही. पण एक निष्कर्ष निश्चित काढता येतो. ज्या पद्धतीत एकाच परंपरेतले तीन आवाज एकमेकांची मते खातात, ती पद्धत त्या परंपरेला 'एकच जागा' देते. पॉपच्या अनेक छटा एकावेळी चालतात, सोल गायिका मात्र एक पुरे, असा तिचा न बोललेला हिशेब आहे.

5. 'समरटाइम' : जवळून ऐकणे

या वादाच्या एक आठवडा आधी, चित्रपटगीतांच्या फेरीत, फँटेझियाने 'समरटाइम' गायले. 'आयडॉल'च्या इतिहासातील उत्तम सादरीकरणांत त्याची गणना होते. तुम्हाला शक्य असेल तर ते दोनदा ऐका.

हे गाणे जॉर्ज गर्श्विन यांच्या 1935 च्या 'पोर्गी अँड बेस' या ऑपेरातले आहे. मुळात ते अंगाईगीत आहे. अंगाई मोठ्याने गायची नसते. म्हणून स्पर्धेच्या साच्याला हे गाणे तसे गैरसोयीचे. फँटेझिया मंचावर खाली बसून गाते. सुरुवातीला आवाज राखून ठेवते. स्वर थेट न लावता खालून ओढत नेते, ठोक्याच्या किंचित मागे राहते. मोठा स्वर येतो, पण तो मिळवलेला असतो. दोन मिनिटांत पूर्ण चढण मावत नाही हे खरे, तरी चढण असते याची जाणीव ती करून देते. शिखर आधी दाखवण्याचा मोह तिने टाळला, आणि परिणाम त्यातूनच साधला.

हे तिला कार्यक्रमाने शिकवले नव्हते. श्रोत्यांना थांबवून ठेवणे आणि ते आल्यावरच पुढे जाणे, हा चर्चमधला धडा होता. आणि लगेचच्या आठवड्यात हीच गायिका सर्वांत कमी मतांच्या तिघींत उभी होती. चांगले गाणे आणि मते यांचे नाते किती सैल आहे, याचा याहून ठळक पुरावा शोधण्याची गरज नाही.

6. मुकुट आणि करार

मे 2004 मध्ये फँटेझिया विजेती ठरली. तिचे 'आय बिलीव्ह' हे पहिलेच गाणे बिलबोर्डच्या मुख्य यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आले. पहिल्याच एकल गाण्याने हे साधणारी ती पहिली कलावंत. पण समीक्षक म्हणून आपण हे गाणे 'समरटाइम'च्या शेजारी ठेवले पाहिजे. स्वप्ने खरी होतात, विश्वास ठेवा, असा त्याचा आशय. कोणत्याही विजेत्याच्या तोंडी शोभेल असे ते बेतलेले आहे. फँटेझियाचा आवाज त्यात आहे, तिची वाट नाही. कोलंबियाने अरिथांच्या बाबतीत केले, त्याचीच ही आवृत्ती.

2005 मध्ये तिचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. ते तिने तोंडी सांगून लिहून घेतले होते. आपल्याला नीट वाचता येत नाही आणि न वाचता आलेल्या करारांवर आपण सह्या केल्या, हे तिने त्या वेळी उघड केले. ही गोष्ट केवळ करुण म्हणून वाचू नका. जिने शेकडो गाणी कानाने आत्मसात केली, तिचे शिक्षण कमी झाले असे म्हणता येईल का? ते वेगळे शिक्षण होते. पण करमणुकीचा उद्योग कागदावर चालतो. तोंडी परंपरेतून आलेली कलावंत या उद्योगात शिरते तेव्हा तिच्या आवाजाची किंमत अशा भाषेत ठरते जी तिला वाचून दाखवायला कोणी नसते. 'सापडलेला' आवाज हा शब्द इथे धोकादायक ठरतो. सापडलेली वस्तू सापडणाऱ्याची होते. घडलेला आवाज घडवणाऱ्यांचा आणि गाणारीचा असतो.

7. हरलेली आणि जिंकलेली

हडसनची वाट उलटी गेली. 'ड्रीमगर्ल्स' या 1981 च्या संगीतिकेवर चित्रपट होणार होता. त्यातील एफी ही एका गायिकागटातील सर्वांत ताकदीची गायिका. कॅमेऱ्याला रुचणाऱ्या, हलक्या आवाजाच्या मैत्रिणीसाठी तिला मागे सारले जाते आणि मग गटातूनच काढले जाते. या भूमिकेसाठी फँटेझियानेही चाचणी दिली होती. भूमिका हडसनला मिळाली. काढून टाकल्या जाण्याच्या प्रसंगीचे एफीचे दीर्घ गाणे चित्रपटात जवळजवळ पूर्ण उलगडते. टीव्हीने कापलेली चढण इथे परत मिळते : विनवणी, राग, पुन्हा विनवणी, आणि मग तो स्वर. फेब्रुवारी 2007 मध्ये या भूमिकेसाठी हडसनला सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा ऑस्कर मिळाला. पुढे ग्रॅमी, एमी आणि टोनी हे सन्मानही तिच्याकडे आले. 2021 च्या 'रिस्पेक्ट' चित्रपटात तिने अरिथा फ्रँकलिन साकारली. ही निवड स्वतः अरिथांनी हयात असताना केली होती.

फँटेझियाला 2007 मध्ये ब्रॉडवेवर 'द कलर पर्पल'मधील सेलीची भूमिका मिळाली. सेलीच्या आयुष्यात लिहिणे-वाचणे हा सुटकेचा मार्ग असतो, हे अ‍ॅलिस वॉकर यांची मूळ कादंबरी वाचलेल्यांना ठाऊक असेल. 2011 मध्ये फँटेझियाला ग्रॅमी मिळाला आणि 2023 च्या चित्रपटातही तिनेच सेली साकारली. याच संगीतिकेच्या 2015 च्या ब्रॉडवे पुनरुज्जीवनात हडसनने शग एव्हरी या गायिकेची भूमिका केली होती. पहिली आणि सातवी, दोघी अखेर एकाच कलाकृतीत पोहोचल्या. दोघींना पुरेशी जागा मिळाली ती कथेत, जिथे गाण्याला आधी आणि नंतर असते.

8. दुसरी बाजू

मग स्पर्धा निरुपयोगी म्हणायची का? तसे नाही. न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमधील हौशी कलावंतांच्या स्पर्धेत 1934 साली किशोरवयीन एला फिट्झजेराल्ड जिंकली. ग्लॅडिस नाइट 1952 मध्ये टेड मॅक यांच्या टीव्ही स्पर्धेत लहान मुलगी म्हणून जिंकली आणि पुढे सोलची थोर गायिका झाली. कृष्णवर्णीय गायिकांसाठी स्पर्धा हे एक जुने दार आहे. चर्चच्या वृंदांत उत्तम गाणाऱ्या असंख्य मुली कधीच पुढे येत नाहीत, हेही विसरता कामा नये. शिकागोच्या जहाजावरच्या गायिकेकडे चित्रपटसृष्टीचे लक्ष गेले, यात त्या सातव्या क्रमांकाचाही वाटा आहे.

पण अपोलोचा प्रेक्षक समोर बसून ओरडत असे, नापसंतीही तोंडावर सांगत असे. तो साद-प्रतिसादाचाच कठोर प्रकार होता. फोन करणारा प्रेक्षक गाणे संपल्यावर, घरातून, गायिकेला ऐकू न येता मत देतो. टीव्हीने श्रोते लाखोंनी वाढवले आणि त्याच वेळी त्यांना मुके केले.

समारोप

एकाच पर्वातील या दोन गायिकांवरून तीन गोष्टी हाती लागतात. स्पर्धेतला क्रमांक कलावंताच्या मोलाचे माप नाही. स्पर्धेचा साचा तटस्थ नसतो, तो काही गायकींना अनुकूल आणि काहींना प्रतिकूल असतो. आणि टीव्ही आवाजाला प्रकाश देऊ शकतो, पण आवाज घडवण्याचे श्रेय त्याच्याकडे जात नाही. ते आजीकडे, वृंदाकडे आणि दर रविवारी बाकांवर बसून उत्तर देणाऱ्या माणसांकडे जाते. पुढच्या वेळी निवेदक 'आम्हाला हा आवाज सापडला' असे म्हणेल तेव्हा, त्याच्या आधी तो कोणाकोणाला ठाऊक होता, हा प्रश्न तुम्ही विचारावा, एवढीच या पाठाची अपेक्षा आहे.

स्वाध्याय

1. साद-प्रतिसाद आणि चढण या दोन वैशिष्ट्यांच्या आधारे स्पर्धेतील वेळेच्या मर्यादेचा सोल गायकीवर होणारा परिणाम स्पष्ट करा.

2. 'मत म्हणजे पसंती' हे विधान 21 एप्रिल 2004 च्या निकालाच्या संदर्भात तपासा.

3. तुमच्या भाषेतील गाण्याच्या एखाद्या टीव्ही स्पर्धेतील एक स्पर्धक निवडा. त्या व्यक्तीची सांगीतिक घडण आणि कार्यक्रमाने सांगितलेली तिची कहाणी शेजारी मांडा. काय गाळले गेले आहे?

4. तोंडी परंपरेतून आलेल्या कलावंतांच्या हितासाठी करारपद्धतीत कोणते बदल आवश्यक वाटतात? वर्गात चर्चा करा.